आपण राजाचे कोण होतो?

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट आहे. आमचा नातू पाचगणीच्या एका वसतिगृहाच्या शाळेत सातवीत शिकतो. मुलगा आणि सून पुण्याला नोकरीत. महिन्यातला पालकभेटीचा रविवार त्यांना जमला नाही की आम्ही दोघे साताऱ्याहून एस.टी.ने निघतो. वाई मागे टाकून गाडी पसरणीच्या घाटाला लागली की ह्यांची नजर खिडकीबाहेर खिळते. खाली कृष्णेच्या खोऱ्यात आमचे गाव आहे. दरवेळी हे बोट दाखवतात आणि दरवेळी आम्ही "दिसलं हो" म्हणतो, दिसो वा न दिसो.

एरवी नातू भेटल्याबरोबर खाऊची पिशवी ओढतो. ह्या खेपेला त्याने वही पुढे केली. इतिहासाच्या सरांनी प्रकल्प दिला होता. आपल्या गावावर पूर्वी कोणत्या संस्थानाचे राज्य होते, तिथले राजे कोण, आणि आपल्या घराण्याचा त्या राज्याशी काय संबंध होता, हे प्रत्येकाने लिहून आणायचे. वर्गातल्या कोणी पणजोबांच्या तलवारीचा फोटो आणला होता, कोणी मोडी सनदेची झेरॉक्स. आमच्या नातवाने लिहिले होते, "आमचे गाव सातारच्या राज्यात होते. आमचे पूर्वज राजाच्या सैन्यात होते." त्या वाक्याखाली सरांनी पेन्सिलीने विचारले होते, "कोणत्या हुद्द्यावर?"

"आजोबा, कोणत्या हुद्द्यावर होते?" नातवाने विचारले.

हे गप्प राहिले. कारण ते सैन्याचे ह्यांनीच त्याला सांगितले होते. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुटीत, झोपताना गोष्ट म्हणून. गोष्ट सांगणारा विसरून जातो. मूल विसरत नाही.

आम्ही त्याला घेऊन पारशी पॉइंटवर गेलो. कठड्याशी बसले की खाली कृष्णेचे खोरे, धोम धरणाचे निळे पाणी आणि समोर डोंगरांच्या रांगा दिसतात. कणसे घेतली. ह्यांनी राजांच्या गोष्टीला हात घातला, कारण ती सांगायला सोपी होती.

सातारची गादी ही शिवछत्रपतींची थोरली गादी. पण पेशवाईत छत्रपती नावाचेच धनी उरले. प्रतापसिंह महाराज १८०८ साली गादीवर आले तेव्हा ते अवघे पंधरा वर्षांचे होते. कारभार सगळा पुण्याला, आणि छत्रपती जवळजवळ नजरकैदेत. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी पेशवाई बुडवली, पण सातारचे राज्य १८१९ च्या तहाने महाराजांना दिले. उत्तरेला नीरा, दक्षिणेला वारणा, पश्चिमेला सह्याद्री असा तो मुलूख. कारभार बसवायला ग्रँट डफ नावाचा इंग्रज अधिकारी नेमला. त्यानेच पुढे १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन भागांत छापला. १८२२ साली राज्याची सूत्रे महाराजांकडे आली.

"मग हे पाचगणी पण त्यांचंच?" नातवाने विचारले.

होय, हे डोंगरही त्यांच्याच राज्यातले. गव्हर्नर माल्कमला महाबळेश्वरची हवा आवडली. १८२९ साली महाराजांनी ती जागा कंपनीला दिली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा हे गाव घेतले. महाबळेश्वरच्या त्या वस्तीला माल्कमच्या नावाने माल्कम पेठ म्हणू लागले. पाचगणी त्यानंतरची. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने ती वसवली, बाहेरची झाडे आणून लावली. तोवर सातारचे राज्यच उरले नव्हते.

ते कसे गेले, हेही ह्यांनी सांगितले. महाराज कारभारात हुशार होते. कंपनीला हुशार राजा नको होता. गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधले, कंपनीच्या शिपायांना फितवले, असे आरोप ठेवले. "गुन्हा कबूल असल्याची सही करा, गादी राहील," असे गव्हर्नरने सांगितले. महाराजांनी सही केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत केले आणि काशीला पाठवले. तिथेच १८४७ साली ते वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे साहेबांचे दरवाजे ठोठावत राहिले. इकडे गादीवर बसवलेले धाकटे भाऊ शहाजी महाराज १८४८ च्या एप्रिलात वारले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा केले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने गिळलेले ते पहिले राज्य. औंध, फलटण, जत, भोर, अक्कलकोट ही साताऱ्याच्या सरदारांची ठाणी मात्र संस्थाने म्हणून राहिली, ती थेट स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत.

नातू भराभर लिहून घेत होता. "आजोबा, राजांनी खोटी सही केली नाही, हे भारी आहे," तो म्हणाला. मग वही मिटून त्याने सरळ विचारले, "पण आपण राजाचे कोण होतो?"

ह्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही कणसाकडे पाहिले.

तेवढ्यात सूनबाईंचा फोन आला. तिच्या कानावर प्रकल्पाचे आधीच आले होते. ती म्हणाली, "आई, शेतकरी होतो म्हणून लिहू दे. खोटं नाही ते. उगाच पोरं चिडवायची. तो तिथे एकटा असतो." तिची काळजी आम्हाला कळली. शाळेत आडनावावरून काय काय ऐकावे लागते, ते आम्ही ऐकले आहे, तिनेही ऐकले आहे. पोर नजरेआड असले की आईचा जीव असाच होतो. आम्ही तिला "बघतो" एवढेच म्हणालो.

पण आम्ही चाळीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवले. पोराने सरळ प्रश्न विचारला की सरळ उत्तर द्यायचे, ही सवय हाडात गेलेली. आम्ही म्हणालो, "आता सांगा त्याला. नाहीतर आम्ही सांगतो."

मग ह्यांनी सांगितले.

"तुझे खापरपणजोबा, म्हणजे माझे आजोबा, गावचे वेसकर होते. गावाला वेस असायची, म्हणजे दरवाजा. तिथे रात्रंदिवस पहारा. कोण आला, कोण गेला, ते पाटलाला सांगायचं. सरकारी वसूल वाईच्या खजिन्यात पोचवायचा. साहेब आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत चालायचं. कुणी मेलं की पावण्यांच्या गावी सांगावा न्यायचा, पाऊस असो, रात्र असो. मेलेलं ढोर ओढायचं. शिवेचा तंटा झाला की दगड कुठे पुरलाय, ते आपल्याच माणसाने सांगायचं, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नसायची. त्यांच्या आधी त्यांचा बाप, त्याच्या आधी त्याचा बाप. राजा होता तेव्हाही हेच, कंपनी आली तेव्हाही हेच."

"पगार किती?"

"पगार नाही. हाडकीची जमीन, आणि सुगीला खळ्यावरचं बलुतं. तेही मागून घ्यायचं."

"म्हणजे नोकर?"

"नोकराला नोकरी सोडता येते. ह्याला वतन म्हणायचे."

नातू गोंधळला. "पण वतनदार म्हणजे मोठी माणसं ना? सरांनी शिकवलंय, देशमुख, पाटील..."

मुलाने नेमके बोट ठेवले होते. पाटलाचेही वतन, कुलकर्ण्याचेही वतन आणि महाराचेही वतन. शब्द एकच. एकाला त्या शब्दाने गादी मिळाली, दुसऱ्याच्या गळ्यात तोच शब्द दावे होऊन पडला. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्यात तो शब्द पक्का करून ठेवला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. आपल्या लोकांतही कित्येकांना तेव्हा वतन सोडवत नव्हते, हेही खरे आहे. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, आणि आमच्या गावी तो लागू झाला १ ऑगस्ट १९५९ पासून. आजही आमच्या त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर महार वतनाचा शेरा आणि नवी शर्त लिहिलेली आहे. सातारच्या राज्याची सनद आमच्या घरात नाही. आमच्याकडे सातबाऱ्यावरची ती ओळ आहे.

इथे एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकते, ती वाचकांपुढे ठेवतो. थोरली गादी खालसा झाली आणि आमचे गाव सुधारलेल्या म्हणवणाऱ्या इंग्रजी अमलाखाली गेले. कोल्हापूरची धाकटी गादी संस्थान म्हणून राहिली. त्या गादीवरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१८ साली महार वतने रद्द करून जमिनी रयताव्याने देण्याचा हुकूम काढला. वारणेच्या पलीकडे जे १९१८ ला झाले, त्यासाठी वारणेच्या अलीकडच्या आमच्या माणसाला आणखी चाळीस वर्षे थांबावे लागले. राजा वाईट आणि साहेब चांगला, किंवा साहेब वाईट आणि राजा चांगला, असे सरधोपट म्हणून भागत नाही. कोणी काय केले, ते एकेक करून पाहावे लागते.

प्रतापसिंहांचेही तसेच. त्यांच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. एवढेच काय, १८३० च्या सुमारास साताऱ्यात मोठा वाद झाला. भोसले क्षत्रिय आहेत की शूद्र, त्यांना वेदोक्त विधी चालतात की नाहीत, यावर पंडितांच्या सभा भरल्या. महाराजांच्या विरुद्ध बाजूला सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन होते. ज्याला छत्रपती म्हणायचे त्यालाच, "तुझी पायरी खालची," असे सांगणारे लोक होते. महाराजांनी स्वतःची पायरी सिद्ध करून घेतली. आमचे माणूस मात्र वेशीतच राहिले.

हे सगळे ऐकून नातू बराच वेळ खाली पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, मग मला सैन्यात होते असं का सांगितलंत?"

हे म्हणाले, "तू लहान होतास. वाटलं, तुला बरं वाटेल."

"तुम्हाला बरं वाटलं का?"

ह्यांनी उत्तर दिले नाही. वाचकहो, बावन्न वर्षांच्या संसारात ह्यांना असे खाली मान घालून बसलेले आम्ही फार वेळा पाहिलेले नाही.

तेव्हा आम्हाला राजवाड्याची आठवण झाली. साताऱ्यात राजवाड्यासमोरून आम्ही रोज भाजी घेऊन येतो. आम्ही नातवाला म्हणालो, "त्या राजाच्या वाड्याचं पुढे काय झालं, माहीत आहे? राजा गेला, राज्य गेलं, आणि वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत एका मुलाचं नाव घातलं. रजिस्टरात १९१४ नंबरला. भिवा रामजी आंबेडकर."

हे त्याला माहीत होते. ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतात, त्याच्या शाळेतही भाषण झाले होते. पण ती शाळा प्रतापसिंहांच्या वाड्यात होती आणि पुढे तिला प्रतापसिंहांचेच नाव मिळाले, हे त्याला ठाऊक नव्हते.

"म्हणजे ज्या वाड्यात आपल्याला जाऊ दिलं नसतं..."

"त्याच वाड्यात बाबासाहेब शिकले. पण कसे शिकले, तेही ऐक. त्यांचे वडील खरोखरच सैन्यात सुभेदार होते. 'आमचे वडील सैन्यात सुभेदार होते' एवढंच त्यांनी लिहिलं असतं, तरी ते खोटं ठरलं नसतं. पण त्यांनी काय लिहून ठेवलं? वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावं लागे, ते लिहिलं. तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, ते लिहिलं. १९०१ साली वडिलांना भेटायला म्हणून मसूर स्टेशनवर उतरलेल्या त्या पोरांना बैलगाडीच्या वाटेवर रात्रभर कुणी पाणी दिलं नाही, तेही लिहिलं. हे सगळं आपल्याच सातारा जिल्ह्यात घडलं. एवढा मोठा माणूस, बॅरिस्टर झालेला. त्यांनी लपवलं नाही. लाज त्यांना वाटायची नव्हती, पाणी न देणाऱ्याला वाटायची होती."

नातवाने वही उघडली. सैन्याचे वाक्य खोडले. खोडून त्यापुढे काहीच लिहिले नाही. पाच वाजत आले होते, त्याला परत पोचवायचे होते.

उतरताना घाटात हे एकदाच बोलले. "ती काठी असती तर त्याला दाखवली असती."

वेसकराच्या हातात घुंगरांची काठी असे. ती वाजली की लोकांनी समजायचे, महार येतो आहे. ह्यांच्या आजोबांची काठी माळ्यावर होती. १९५६ ला सगळा वाडा बाबासाहेबांच्या मागे गेला. ५९ ला वतनही संपले. त्या साली आमच्या सासऱ्यांनी ती काठी खाली काढली, घुंगरे तोडून कृष्णेत टाकली आणि काठी चुलीत घातली. हे तेव्हा सहा वर्षांचे होते. त्या दिवशी घरात गोड केले होते, एवढे ह्यांना आठवते. आणि आजोबा जेवले नाहीत, तेही आठवते. म्हातारा रडला की रागावला की मोकळा झाला, ते सहा वर्षांच्या पोराला कळले नाही आणि पुढे विचारायला म्हातारा राहिला नाही.

पंधरा दिवसांनी वसतिगृहातून नातवाचा फोन आला. प्रकल्प दिला होता. आम्ही पाठवलेली सातबाऱ्याची झेरॉक्स त्याने चिकटवली होती. एका बाजूला राजवाडा काढला होता, एका बाजूला वेस आणि वेशीत माणूस. वर नाव दिले होते, "सातारचे राज्य आणि आम्ही." सर काय म्हणाले, ते आम्ही विचारले. सरांनी वर्गात वाचून दाखवला, तो म्हणाला. पोरे काय म्हणाली, ते सूनबाईने विचारले. "एक दोघं हसली," तो म्हणाला. "मग एका मुलाने विचारलं, शिवेचे दगड अजून आहेत का? मी म्हटलं, आजोबांना विचारून सांगतो."

मग तो ह्यांना म्हणाला, "आजोबा, पणजोबांनी ती काठी जाळायला नको होती."

ह्यांनी फोन आमच्या हातात दिला. आम्ही म्हणालो, "बाळा, ती जाळली म्हणून तू पाचगणीला आहेस." तो म्हणाला, "ते बरोबर आहे, आजी. पण तरी." आम्हीही विचार करतो आहोत. दोघांचेही खरे असावे.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातही एखादा म्हातारा असेल, ज्याने वेस पाहिली आहे, काठीचा आवाज ऐकला आहे. तो आहे तोवर त्याला विचारून ठेवा. कुठल्या राजाचे राज्य होते, ते पुस्तकात मिळेल. आपण त्या राजाचे कोण होतो, ते त्यालाच विचारावे लागेल.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही नातवाला घेऊन गावी जाणार आहोत. वेस पडली, तिची जागा आहे. शिवेचे दोन दगड ह्यांना ठाऊक आहेत, तिसरा शोधायचा आहे.